माहेरचं इंजिन

आमच्या वस्तीवर एक वाफेचं इंजिन आहे. छोटंसं, उसाच्या गाडीचं, दोन फुटी रुळांवर चालणारं. घरामागच्या कांदा साठवायच्या चाळीचा अर्धा भाग मोडून तिथं पत्र्याची शेड केली आणि त्यात ते उभं आहे. शेडच्या एका अंगाला गायींचा गोठा, दुसऱ्या अंगाला ऊस. दूध न्यायला किंवा खत टाकायला नवीन माणूस आला की आधी इंजिनाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विचारतो, "हे हितं कसं काय?" मी प्रत्येकाला थोडक्यात काहीतरी सांगते. सगळं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळं ऐकायला बसेल असं माणूस आता घरात नाही.

माझे वडील साखर कारखान्याच्या उसाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. श्रीरामपूरच्या बाजूला तेव्हा शेताशेतांतून छोटे रूळ टाकलेले असायचे. हंगाम सुरू झाला की लोखंडी वाघिणींमध्ये ऊस भरायचा आणि अण्णांचं इंजिन ती रांग ओढत कारखान्यावर न्यायचं. चाल इतकी सावकाश की पोरं मागून पळत जाऊन ऊस उपसून काढायची आणि अण्णा मागं वळून नुसता हात उगारायचे. आमचं घर रुळांच्या जवळ होतं. दिवसाची शेवटची खेप असली की घरापाशी ते एक आखूड शिट्टी द्यायचे. आई तेवढ्यावरून पीठ मळायला घ्यायची.

घरात अण्णा फारसं बोलत नसत. जेवायचे, तंबाखू मळायचे, झोपायचे. पण मला त्यांनी एकदा इंजिनावर चढवलं, तेव्हा मला दुसरेच अण्णा दिसले. वाफेच्या आवाजावर आवाज चढवून ते कोळसा टाकणाऱ्या जोडीदाराशी बोलत होते, वाटेतल्या गुराख्यांना हाका मारत होते, हसत होते. भट्टीची धग माझ्या नडग्यांना लागत होती. माझा फ्रॉक कोळशानं काळा झाला आणि घरी आल्यावर आईनं त्यांनाच बोल लावला. त्यावर ते गप्प बसले, नेहमीसारखे.

पुढं ट्रॅक्टर आले, ट्रक आले, रूळ उखडले गेले. अण्णांना कारखान्याच्या वर्कशॉपात काम दिलं. ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. माझं लग्न होऊन मी या वस्तीवर आले होते. ऊस, कांदा, गायी, मुलाची शाळा यात मी त्या गाडीचा विचार केला असेन असं मला आठवत नाही.

मग एक दिवस आमचे हे कारखान्यावरून उसाच्या नोंदीचं काम आटपून आले. चहासुद्धा न घेता म्हणाले, "चल, तुला एक दाखवायचंय." मोटारसायकलवर मला मागं बसवून कारखान्याच्या मागच्या अंगाला नेलं. तिथं भंगार टाकलेलं होतं आणि त्याच्या पलीकडे बाभळींच्या गचपणात ते इंजिन होतं. पितळेचं म्हणून जे जे असतं ते सगळं चोरांनी काढून नेलेलं. नंबरची पाटी नाही, शिट्टी नाही. ड्रायव्हर उभा राहतो तिथून एक बाभूळ वर आलेली.

"अण्णांचंच हाय का?" यांनी विचारलं.

मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. कारखान्याकडे तशी चार-पाच इंजिनं होती, सगळी एका साच्यातली. "काय सांगू," मी म्हणाले. "माहीत न्हाई."

"नसंल तर त्याच्या भावकीतलं असंल," हे म्हणाले. "भंगारवाला टपून बसलाय. तुझ्या माहेरचं माणूस समजू आन् आणू घरी."

ते अण्णांचं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

क्रेन लावून इंजिन ट्रेलरवर चढवलं आणि वस्तीवर आणलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडेला माणसं उभी होती. थोरले दीर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे, काष्टीच्या बाजाराला जाऊन एखादी चांगली गाय आणायची सोडून हे काय आणलंस? हे काय दूध देनार हाय का?" हे नुसते हसले. यांना रागच येत नसे, त्यामुळे यांच्याशी भांडण्यात कुणाला मजा वाटायची नाही.

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हे स्वतःच उघडायचे आणि स्वतःच बसवायचे. तेवढ्या भरवशावर आम्ही कामाला लागलो. आधी बाभळीची मुळं काढली. मग गंज. तारेच्या ब्रशनं घासून घासून इतका गंज निघायचा की चहाच्या कपातही त्याचा तांबडा थर बसायचा. यांचे गुडघे दुखायचे, म्हणून इंजिनाच्या खाली मी शिरायची आणि हे वरून सांगायचे. पिस्टन गंजून जाम बसला होता. त्यात डिझेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी धारा काढून झाल्या की हे लाकडी ठोकळा लावून त्यावर हातोडी मारायचे. आठवडे गेले. काही होईना. मी म्हटलं, सोडून द्या. ते म्हणाले, "ह्यो काय पळून चाललाय व्हय? बघू की."

एका सकाळी मी अजून गाईखाली बसलेली असताना मागून आरोळी आली, "हललं! अगं, हललं!" गाय दचकली आणि तिनं बादली लाथाडली. मी तशीच पळत गेले. बोटभर सरकला होता पिस्टन. हे हातोडी धरून लहान मुलासारखे उभे होते. सांडलेल्या दुधाबद्दल मी काही बोलले नाही.

रूळही आम्हीच जमवले. कारखान्यानं लाइन मोडली तेव्हा पुष्कळांनी ते रूळ घेऊन गोठ्यांना खांब म्हणून लावले होते. कुणी जुना गोठा पाडतोय असं कळलं की हे तिथं जायचे, लोखंडी अँगल द्यायचे आणि बदल्यात रूळ आणायचे. तसे तुकडे जोडून शेडपासून गोठ्याच्या टोकापर्यंत एक आखूड लाइन झाली. तिच्यावर इंजिन चालेल असं तेव्हा आम्हा दोघांशिवाय कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. यांना वाटत होतं म्हणून मी हो म्हणत होते.

लाइन झाली त्याच हिवाळ्यात हे गेले. सकाळी उसाला पाणी धरायला गेले होते. पाणी बांध फोडून रस्त्यावर आलं तेव्हा पुतण्या बघायला गेला. हे बांधावर बसलेले होते, चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून, डोळे मिटून. तो आधी हळू आवाजात हाक मारत राहिला, झोपमोड नको म्हणून.

दहावा, तेरावा झाला. पाहुणे एकेक करून गेले. मुलगा पुण्याजवळ गाड्यांच्या कंपनीत आहे. तो मला बरोबर घेऊन गेला. फ्लॅट उंचावर, खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगच्या खिडक्या. सून प्रेमानं वागत होती. सकाळी तिघंही घराबाहेर पडायची, नातू शाळेत, ती दोघं कामाला, आणि मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायची. महिन्याभरानं मी म्हटलं, गायी परक्या माणसाच्या हाताला नीट पान्हवत नाहीत, मला जाऊ दे. गायींचं खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं होतं असंही नाही.

वस्तीवर परत आले. इथंही घर रिकामंच होतं, पण इथला रिकामेपणा माझ्या ओळखीचा होता. शेडमध्ये यांनी इंजिनाच्या दांड्यावर पाना अडकवून त्याला फडकं गुंडाळून ठेवलं होतं, उद्या पुढचं काम म्हणून. पुष्कळ दिवस मी त्या पान्याला हात लावला नाही. मग पावसाळा तोंडावर आला. तेल लावल्यावाचून इंजिन उघडं राहिलं तर सगळं पुन्हा गंजणार, हे मला दिसत होतं. एका दुपारी मी पाना काढला आणि यांनी जो नट अर्धा सोडवून ठेवला होता तो पुरा सोडवला.

तेव्हापासून दुपार म्हणजे शेड, असं झालं. जेवण झाल्यापासून धारांच्या वेळेपर्यंत. दिवस कलायच्या आत सगळं आवरून गायी कोंडून घरात यायचं, कारण आमच्या उसात बिबट्याचा वावर आहे आणि आता हाक मारली तर धावून येणारं घरात कुणी नव्हतं. काम करताना सुरुवातीला मी मोठ्यानं बोलायची. "धरा जरा इकडून," असं म्हणून जायची. मग ती सवय गेली. ती गेली तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

चाकांच्या आणि दांड्यांच्या मधली झिजलेली कडी नवीन करायला हवी होती. मी ती फडक्यात बांधली, पिशवीत घातली आणि एसटीनं श्रीरामपूरला एका लेथवाल्याकडे नेली.

"कशाचं आहे हे, काकू?"

"इंजिनाचं."

"पाण्याच्या?"

"न्हाई. रेल्वेच्या."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पण कडी करून दिली, आणि चांगली करून दिली. पुढं मी शिट्टी करून मागितली तेव्हा त्यानं विचारलं, "आवाज कसा पाहिजे?" आता हे कसं सांगायचं? मी त्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, तोंडानं अण्णांची शिट्टी वाजवून दाखवली. आखूड, शेवटी जराशी वर जाणारी. सगळे वळून बघायला लागले. लेथवाला हसला नाही. म्हणाला, "जमंल तसं करतो."

दोन पावसाळे गेले. इंजिन काळंभोर दिसायला लागलं, चाकं पहारीनं रेटली की फिरायला लागली. उरला बॉयलर. बॉयलर तपासायचं काम आयुष्यभर केलेले एक निवृत्त इंजिनिअर नगरला राहतात असं कळलं. मुलानं त्यांना फोन केला आणि ते आपल्या गाडीनं आले. सफारी घातलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. छोट्या हातोडीनं त्यांनी बॉयलरवर ठिकठिकाणी टकटक केली, कान देऊन ऐकलं, बॅटरी घेऊन भट्टीत वाकून बघितलं, कसलंसं मशीन लावून पत्र्याची जाडी मोजली. त्यांचे कपडे खराब होत होते, पण त्यांनी घाई केली नाही. मग ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला.

"ताई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही," ते म्हणाले. "भट्टीच्या बाजूचा पत्रा आतून खाल्ला गेला आहे. याला वाफ दाखवायची नाही. कधीच नाही."

"ठिगळ लावून?"

"नाही. फुटला तर शेडसुद्धा उरायची नाही."

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "पण चाकं फिरवायची असतील तर हवेवर फिरवता येतील. बॉयलर पूर्ण वगळायचा. कंप्रेसरची हवा थेट सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपला द्यायची, मध्ये एक चांगला व्हॉल्व्ह बसवून. इंजिनाला काय, ढकलणारं काहीतरी पाहिजे." कुठं काय बसवायचं ते त्यांनी हातानं दाखवून समजावलं.

ते गेल्यावर मी फाटकापाशी उभी राहिले. असं काही घडलं की मी यांना सांगायची. चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी. मुलाला फोन केला असता, पण तो ऑफिसात होता आणि त्याला मी 'बॉयलर गेला' म्हटलं असतं तर त्यानं 'बरं' म्हटलं असतं. मी गोठ्यात जाऊन गव्हाणी झाडल्या.

मुलगा पुढच्या महिन्यात आला. जेवताना म्हणाला, "आई, एक विचारू? रागावू नकोस. हायवेवर एक नवीन हॉटेल झालंय. मालक माझ्या ओळखीचा आहे. त्याला दारापुढं ठेवायला इंजिन पाहिजे. रंग देईल, लाइट लावील, लोक बघतील तरी."

"हितं कोन बघत न्हाई व्हय?"

"तू बघतेस. पण तू एकटी किती दिवस त्याच्याखाली शिरणार? पडलीस, लागलं काही, तर आम्हाला कळणार कधी?"

त्याचं चुकत नव्हतं. माझ्या एका खांद्याला तेव्हा मार लागलेलाच होता आणि तो मी पदराखाली झाकला होता. "बघू," मी म्हणाले. तो निघताना शेडमध्ये गेला, इंजिनावर तळहात ठेवून जरा उभा राहिला आणि गेला.

त्यानंतर उन्हाळ्यात पुतण्यानं विहीर खोल करायला काढली. ट्रॅक्टरवर बसवलेला कंप्रेसर आला, खडकात भोकं पाडायला. त्याचा धडधडाट वस्तीपर्यंत ऐकू यायचा. त्यावर पाथर्डीकडचा एक ऑपरेटर होता, चाळिशीचा, डोक्याला उपरणं बांधलेला. मी त्याच्यासाठी ताक घेऊन गेले आणि माझ्या इंजिनाला हवा देशील का, असं विचारलं.

"मावशी, आमी आजवर खडकच फोडला," तो म्हणाला. "इंजिन कदी चालवलं न्हाई."

"मी बी न्हाई चालवलं."

पुतण्या म्हणाला, "काकू, उगंच काहीतरी निघायचं बाहेर उडून." पण दुपारी जेवणाच्या सुटीत तोच ट्रॅक्टर घेऊन शेडपाशी आला. इंजिनिअरसाहेबांनी दाखवल्याप्रमाणे व्हॉल्व्ह मी आधीच लेथवाल्याकडून बसवून घेतला होता, आणि शिट्टीला एक वेगळी बारीक नळी. ऑपरेटरनं पाइप जोडला. सगळीकडे तेल घातलं. मी लुगड्याचा पदर खोचून वर चढले.

व्हॉल्व्ह उघडला. नुसती फुसफुस. सिलिंडरच्या खालून काळं पाणी आणि तेल उडालं आणि पुतण्याच्या पँटवर गेलं. चाक हललं नाही. ऑपरेटर ओरडला, "मावशी, जरा दम धरा, वाढवतो!" कंप्रेसरचा आवाज चढला. मी व्हॉल्व्ह अजून थोडा फिरवला. इंजिन आतून कण्हलं. मग दांडा वर आला, खाली गेला, आणि ते निघालं.

छक. छक. छक. अगदी तोच आवाज. पुतण्याची बायको, तिची पोरं, शेजारच्या वस्तीवरची माणसं, सगळे ओरडायला लागले, मोबाईल वर धरून बाजूनं चालायला लागले. ऑपरेटर पाइप सांभाळत सोबत पळत होता आणि हसत होता. गोठ्याच्या टोकाशी मी थांबवलं, उलट चालीचा दांडा टाकला आणि मागं घेतलं. शिट्टीही दिली. ती अण्णांची शिट्टी नव्हती. जरा पातळ होती. लेथवाल्याचा त्यात दोष नाही. मी दुकानात जशी वाजवून दाखवली तशीच ती झाली होती.

शेडमध्ये परत आल्यावर ऑपरेटरनं हवा बंद केली. "लई भारी, मावशी," तो म्हणाला, आणि पाइप गुंडाळून विहिरीकडे गेला, कारण त्याला काम होतं. माणसं व्हिडिओ एकमेकांना पाठवत पांगली. मी वरच उभी होते. बॉयलरला हात लावून बघितला तर तो गार होता, गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीसारखा. धग नाही, धूर नाही. या क्षणी मला रडू येईल असं कितीतरी दिवस मी धरून चालले होते. ते आलं नाही. मला फक्त भूक लागली होती. घरात जाऊन मी सकाळची भाकरी खाल्ली आणि खाताना लक्षात आलं की इतक्या आवाजानंतर घर किती गप्प आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, तू स्वतः चालवलंस?"

"मग कोन चालवनार?"

तो म्हणाला, "हॉटेलवाल्याला मी नाही म्हणून सांगतो." आणि लगेच, "तेल कुठं कुठं घालायचं असतं ते मला एकदा दाखव."

मी फोनवरच सांगायला लागले. त्याला मध्येच ऑफिसचा दुसरा फोन आला. तेव्हापासून तो सणावाराला आला की शेडमध्ये जातो, पण त्याची सुट्टी दोन दिवसांची असते आणि त्यात सासुरवाडीही करायची असते. अजून निम्म्याच जागा दाखवून झाल्या आहेत.

यंदा आमच्या उसाला तोड आली तेव्हा टोळीतल्या बायका दुपारी भाकरी खायला शेडमध्ये आल्या. उन्हाला तिथं सावली असते. त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, इंजिनाच्या चाकाला टेकून बसली आणि मलाही जवळ बोलावलं. तिनं लसणाच्या चटणीची पुडी माझ्यापुढं केली.

"एकल्याच ऱ्हाता?" तिनं विचारलं.

"व्हय."

"भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं की."

ती मान हलवत राहिली. समजूत घालायला काही बोलली नाही, त्याचं मला बरं वाटलं. चार दिवस त्या रोज दुपारी यायच्या आणि शेडमध्ये बायकांचा कलकलाट असायचा. मी जास्तीच्या भाकरी टाकायची. पाचव्या दिवशी फड संपला आणि टोळी सोनईच्या बाजूला निघून गेली. त्या दिवशी मी सवयीनं जास्तच पीठ मळलं होतं.